खांबाजवळची जागा

भादवा सरत आला तरी लखनौची उमस हटत नव्हती. चौकातल्या सराफ्यामागच्या गल्लीत वारा असा शिरतच नसे. दोन्ही बाजूंची घरं एकमेकांकडं झुकलेली, वर तारांचं जाळं, खाली उघडी नाली. त्या गल्लीत नंदकुमारचं गलाईचं दुकान होतं. खाली भट्टी, वर एक खोली. सराफांकडची मोडलेली चांदी, दागिने घडवताना पडलेला कीस, झाडलोटीतली माती असलं सगळं त्याच्याकडं येई आणि वितळून, शुद्ध होऊन परत जाई. विट्याकडची कितीतरी माणसं या धंद्यात देशभर पांगली, त्यातलाच हा एक. लग्नानंतर वासंतीला घेऊन तो इथं आला तो इथलाच झाला. मुलगी देविका इथंच जन्मली. ती आता दहावीत होती.

धनतेरस जवळ येत होती आणि सराफांची घाई सुरू झाली होती. नेमकी त्याच वेळी तेजाबाची बरणी नंदकुमारच्या हातात फुटली. उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजला. बरणीची पिवळी वाफ खोलीभर झाली, आणि त्या वाफेत तो हात पुढं धरून नुसता उभा राहिला. वासंतीनं त्याला ओढून नळाखाली बसवलं, तेव्हा कुठं तो ओरडला.

डॉक्टरनं हात बांधून दिला. बोटं हलवायची नाहीत म्हणाला.

"मग भट्टी?" नंदकुमारनं मराठीतच विचारलं. डॉक्टरला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वासंतीनं भट्टी पेटवली. पदर कमरेला घट्ट खोचला, डोक्याला जुना पंचा गुंडाळला. बघून बघून तिला सगळं माहीत होतं, पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. लांब सांडशीनं तापलेली मूस उचलताना दंड थरथरत. मूस तिरकी करून चांदी साच्यात ओतायची तर श्वास धरावा लागे. नंदकुमार मागं स्टुलावर बसून सांगत राही.

"सावकाश. आता टाकणखार टाक. हां, बास. तोंड मागं घे की गं, भाजशील."

"भाजू दे. तुम्ही गप बसा जरा."

दुपारपर्यंत तिच्या भुवयांचे केस जळून खरखरीत झाले.

या सगळ्यात एक गोष्ट बंद पडली. पहाटे गोमतीकाठच्या मोकळ्या मैदानावर दोघी मायलेकी जात, ते जाणं थांबलं.

वासंती शाळेत असताना खो-खो खेळायची. तिच्या गावाकडं ज्याला पाय आहेत तो खो-खो खेळतो. ती मात्र नुसती खेळत नसे, तिला बघायला शेजारच्या वाड्यांवरची माणसं येत. लग्न झालं आणि ते गावातच राहिलं. पण देविका चालायला लागली तशी वासंतीनं तिला गल्लीतच हुलकावणी शिकवली. भाजीवाल्याच्या गाडीभोवती, उभ्या रिक्षांमधून. पुढं देविकाच्या शाळेत निगार मॅडम आल्या. खेळ शिकवायच्या. त्यांनी मुलींचा खो-खोचा संघ काढला, आणि पहिल्याच दिवशी देविकाला पळताना बघून विचारलं, "तुम्हें किसने सिखाया?"

"मम्मी ने," देविका म्हणाली.

घरी आईबाप मराठीत बोलत आणि देविका हिंदीत उत्तर देई. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खेळातले शब्द तेवढे ती मराठी वापरी, कारण ते तिला दुसऱ्या कुठल्या भाषेत ठाऊकच नव्हते.

महिन्याअखेरीस शाळांच्या स्पर्धा होत्या. त्यात जिंकणारा संघ पुढं प्रांताच्या स्पर्धेला जाणार होता. देविका आता शाळेतून आली की आधी पाणी भरी, भांडी घाशी, पोळ्या लाटी, बापाला भरवी. मग मैदानावर पळे. पोचेपर्यंत सराव निम्मा झालेला असे.

एका रात्री जेवताना नंदकुमार म्हणाला, "पोरी, हे वर्ष ऱ्हाऊ दे खेळ. पुढल्या वर्षी बघू."

देविकानं घास तोंडात तसाच धरला. आईकडं बघितलं.

"अगले साल टीम नहीं रहेगी, पप्पा. आधी लड़कियाँ बारहवीं की हैं."

"मग काय करू? तुझी आय भट्टीवर मरतीया. दिसत न्हाय तुला?"

"मला काय झालंय मरायला?" वासंती म्हणाली. "भट्टी पहाटं हाय. खेळ सांजचा हाय. ती जाईल. आन उद्यापासून मीबी जाईन."

"तू?"

"का? सांजचं काय मला भट्टी बोलवती?"

नंदकुमार ताटावर वाकला. डाव्या हातानं त्याला भात नीट उचलता येत नव्हता. शितं ताटाबाहेर पडत होती, तो एकेक वेचत राहिला.

दुसऱ्या दिवशी एक लालाजी चांदी घेऊन आले. एरवी माल टाकून निघून जाणारे. आज भट्टीपुढं बाई दिसल्यावर ते दारातच थबकले.

"अरे, अब भाभी जी गलाएँगी?"

"हाथ जल गया है, लालाजी. मैं बैठा हूँ न," नंदकुमार म्हणाला.

"नहीं नहीं, कोई बात नहीं. हम भी बैठ जाते हैं."

ते स्टूल ओढून बसले. चांदी वितळेपर्यंत, ओतेपर्यंत, थंड होईपर्यंत हलले नाहीत. त्यांची नजर वासंतीच्या हातांवर होती. हात कुठं जातात, पदराकडं जातात का, कमरेकडं जातात का. वासंतीला घाम पुसायचा होता. पदर चेहऱ्याकडं नेला असता तर लालाजींची मान वळली असती. घाम डोळ्यांत उतरला, चुरचुरला, तिनं तसाच उतरू दिला. मुशीत पघळलेली चांदी आरशासारखी लकाकत होती आणि तिला ती नीट दिसत नव्हती.

लालाजी लगड तोलून घेऊन गेले. जाताना म्हणाले, "बुरा मत मानिएगा."

नंदकुमारनं मान खाली घातली होती. "इतकी वरसं," तो म्हणाला, "इतकी वरसं माल टाकून जायचा हा माणूस."

वासंतीनं नळाखाली तोंड धरलं. मग म्हणाली, "अवो, चार वाजलं का?"

मैदानावर पोचली तेव्हा निगार मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या दिवसांत सगळ्या शहरात तापाची साथ होती. घरोघरी कुणी ना कुणी अंथरुणावर. संघातल्या पोरीही एकेक करून पडल्या होत्या. उरलेल्या मैदानाच्या कडेला बसून शेंगदाणे खात होत्या.

"आठ बैठने वाली ही पूरी नहीं हैं," मॅडम वासंतीला म्हणाल्या. "तीन को दौड़ाऊँ तो बैठाऊँ किसे? नौवीं क्लास की बच्चियाँ मिलाकर भी एक कम पड़ रही है. ऐसे तो मैच की प्रैक्टिस हो चुकी."

वासंतीनं मैदानाकडं बघितलं. मधल्या पाटीवर चुन्यानं आखलेले आठ चौकोन, दोन्ही टोकांना खांब. खांब बरे होते, गुळगुळीत तासलेले.

"मी बसू?" ती म्हणाली. मग हिंदीत, "मैं बैठूँ?"

एक पोरगी फिसकन हसली. "आंटी साड़ी में?"

देविकाचे कान लाल झाले. "मम्मी, रहने दो ना."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वासंतीला एकदा पायापासून वरपर्यंत बघितलं. "चोट लग गई तो?"

"लागली तर लागली."

वासंती खांबाआड गेली आणि साडीचा काष्टा घालून आली. चपला काढल्या. अनवाणी पाय तापलेल्या मातीवर टेकले तेव्हा तिच्या पोटऱ्या एकदम ताठ झाल्या. ती तिसऱ्या चौकोनात जाऊन बसली. एक गुडघा जमिनीलगत, एक पाय मागं, बोटं मातीत रुतवलेली. मान वर.

शिट्टी झाली.

देविका आणि आणखी दोघी पळत्या होत्या. थोडा वेळ वासंतीला खो मिळालाच नाही. पोरींना ती दिसतच नव्हती, त्या तिला टाळून पुढच्या चौकोनाकडं पळत होत्या. मग एकीला दुसरं कुणी सापडलं नाही. पाठीवर थाप पडली. "खो!"

वासंती उठली ती सरळ खांबाकडं. पुढं पळणारी पोरगी खांबाला वळसा घालून पलीकडं गेली आणि मागं वळून हसली. आंटी आता एवढा मोठा वळसा घालून येणार. वासंतीनं वळसा घातलाच नाही. डाव्या हातानं खांब धरला, सगळं अंग त्याच्याभोवती फेकलं, आणि उजव्या हाताची बोटं त्या पोरीच्या खांद्याला लागली. मग ती जमिनीवर आपटली. धूळ उडाली.

कुणी हसलं नाही. शेंगदाणे खाणाऱ्या पोरी उठून उभ्या राहिल्या होत्या.

"आउट!" मॅडम ओरडल्या. "देखा? इसे कहते हैं पोल डाइव! देखा सबने?"

दुसरी पोरगी लवकरच गेली. उरली देविका.

देविका साखळीनं पळत होती. बसलेल्या दोन पोरींमधून या बाजूला, पुढच्या दोघींमधून त्या बाजूला, शिवणीतल्या दोऱ्यासारखी. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, ती खो देत राहते आणि पळणारी निसटत राहते. वासंतीला पुन्हा खो मिळाला. मग पुन्हा मिळाला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. सकाळी मूस उचललेले दंड जड झाले होते. पुढं देविकाची वेणी उडत होती, हात लांब केला की तिथून नाहीशी होत होती. ही आपलीच पोरगी, आपल्याच हाताखाली शिकलेली, आणि ही पळते कशी! वासंतीला राग येत होता आणि त्याच वेळी काहीतरी छातीत फुगत होतं.

वळताना तिचा पाय सरकला. ती कोपरावर पडली. कातडं सोलून निघालं.

"मम्मी!" देविका थांबली. मागं आली.

"थांबलीस का?" वासंती जमिनीवरूनच ओरडली. "हितं मी तुझी आय न्हाय! पळ!"

देविकानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि पळाली. वासंती कोपरातलं रक्त तसंच टाकून उठली आणि तिच्या मागं धावली.

हे सगळं नंदकुमारनं बघितलं. तो वासंतीला बोलवायला आला होता. एक दुसरा सराफ घाईचा माल घेऊन दुकानात बसला होता, आजच गाळून द्या म्हणत होता. नंदकुमार बांधलेला हात छातीशी धरून मैदानाच्या जाळीपाशी पोचला आणि हाक मारायला तोंड उघडलं. मग त्याला ती दिसली. काष्टा घातलेली, धुळीनं भरलेली, केस सुटलेले, आणि पोरीच्या मागं अशी सुटलेली की जणू तिला जगात दुसरं कामच नाही.

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला पळताना बघितलं नव्हतं. घरात ती नेहमी वाकलेली असे, चुलीपुढं, मोरीपुढं, आता भट्टीपुढं. तो जाळीला धरून उभा राहिला. मॅडमची शेवटची शिट्टी होईपर्यंत उभा होता. देविका शेवटपर्यंत हाताला लागली नाही. दोघी मायलेकी मैदानाच्या मधोमध गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत, एकमेकींकडं बघून हसत होत्या.

त्यानं हाक मारलीच नाही. परत दुकानात गेला आणि सराफाला म्हणाला, "आज नहीं होगा. कल सुबह."

"क्यों, भाभी जी कहाँ गईं?"

"काम से गई हैं," नंदकुमार म्हणाला.

सराफ कुरकुरत दुसरीकडं गेला.

त्यानंतर रोज वासंती पाटीवर बसू लागली. घरी आली की तिच्या मांड्या भरून येत, जिना चढताना ती भिंतीला धरी. नंदकुमार डाव्या हातानं तिच्या कोपराला हळद लावी. खेळाचा विषय दोघंही काढत नसत. फक्त एकदा त्यानं विचारलं, "लहानपणीबी अशीच पडायचीस?"

"जास्त," ती म्हणाली.

स्पर्धेचा दिवस उजाडला. तापातल्या पोरी उठून आल्या होत्या, पण फिकट पडलेल्या होत्या. मैदान हजरतगंजच्या पलीकडं, शहराच्या दुसऱ्या अंगाला. त्या दिवशी पहाटे वासंती भट्टी पेटवायला खाली आली तर नंदकुमारनं दुकानाला कुलूप लावलं होतं. दसरा-दिवाळीच्या तोंडावर गल्लीत भट्टी बंद ठेवणारा तो एकटाच होता.

"असं काय?" ती म्हणाली.

"चल की. उशीर व्हतोय."

शेवटचा सामना दुपारी लागला. समोरचा संघ इंदिरा नगरातल्या एका शाळेचा. उंच, दणकट पोरी, सगळ्यांना एकसारखे नवे बूट. त्यांची एक पोरगी होती, पाठीवर लाल आकडा असलेली. खांबाजवळ ती सूर मारायची तेव्हा बघणाऱ्यांचा श्वास अडकायचा. सकाळपासून तिनं खांबावर टिपलेल्या पोरींची रांग लागली होती.

शेवटचा डाव त्यांच्या पाठलागाचा होता. देविकाचा संघ थोडा पुढं होता, पण ती आघाडी बघता बघता वितळली. ताप अंगात असलेल्या पोरी दमून हाताला लागत गेल्या. अखेर देविकाच्या तुकडीतल्या दोघीही बाद झाल्या. आघाडी एकाच गुणाची राहिली, आणि मैदानात देविका एकटी. ती पडली की बरोबरी, आणि तिच्यानंतर ज्या तिघी उतरणार होत्या त्या नववीतल्या कच्च्या पोरी.

वासंती दोरीपाशी उभी होती. ओठ हलत होते. "साखळीनं पळ. साखळीनं. खांबाकडं जाऊ नकोस. मधे ऱ्हा."

देविका साखळीनं पळाली. बराच वेळ पळाली. तिचा सदरा पाठीला चिकटला, पावलं जड पडू लागली. मग वासंतीच्या डोळ्यांदेखत ती मधून बाहेर पडली आणि सरळ खांबाकडं गेली.

"अगं न्हाय!" वासंती किंचाळली.

खांबापाशी जाऊन देविका थांबली. नुसती उभी राहिली, गुडघ्यांवर हात टेकून, दमल्यासारखी. लाल आकड्याची पोरगी पाटीच्या दुसऱ्या बाजूनं धावत आली. तिला यापेक्षा सोपं सावज दिवसभरात मिळालं नव्हतं. तिनं खांब धरला, अंग झोकलं, आणि देविका त्याच क्षणी खाली बसून तिच्या पसरलेल्या हाताखालून पलीकडं निघाली. ती पोरगी तोंडावर आपटली. उठून तिनं खो देईपर्यंत देविका पाटीच्या दुसऱ्या टोकाला होती.

मग वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

निगार मॅडम मैदानात धावत गेल्या. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. वासंती जागची हलली नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका माणसानं नंदकुमारला विचारलं, "बड़ी तेज़ लड़की है. कहाँ से सीखी है?"

नंदकुमारनं बांधलेला हात उचलून वासंतीकडं दाखवला. "उनसे. माँ है उसकी. चैंपियन थीं अपने ज़माने में."

ती कधी चँपियन होती की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून टाकलं. त्या माणसानं वासंतीकडं बघून अदबीनं मान लववली.

घरी जाताना तिघं ई-रिक्षात बसली. नंदकुमार पुढं ड्रायव्हरशेजारी. मागं बसल्यापासून वासंतीचं सुरू झालं.

"खांबाकडं का गेलीस? आँ? किती वेळा सांगितलंय, पळणारीनं खांबाकडं जायचं न्हाय. मरण हाय तिथं."

"गई, बच गई ना?"

"नशिबानं वाचलीस!"

"नशीब नहीं था, मम्मी. मैं सुबह से देख रही थी उसको. सूर मारायच्या आधी वो एक बार नीचे देखती है. अपने पैर की तरफ. हर बार. बस तभी सरकायचं."

रिक्षा कैसरबागच्या गर्दीत अडकली, सुटली, पुन्हा अडकली.

"खाली बघती?" मग वासंतीनं हळूच विचारलं.

"तुम भी देखती हो."

"मी? मी न्हाय बघत."

"देखती हो, मम्मी. रोज़. इसीलिए तो मैं तुम्हारे हाथ नहीं लगी."

वासंतीनं विचार केला. इतकी वर्षं खेळली, गावची मास्तर मंडळी बघायची, आजूबाजूच्या वाड्यांची माणसं बघायची, कुणी हे सांगितलं नव्हतं. तिला ते खोटं वाटेना. तिनं पोरीच्या तोंडाकडं नीट बघितलं. घामानं केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले, आणि डोळ्यांत जराही शंका नाही.

"तिच्या आयला," वासंती म्हणाली, आणि हसू लागली.

"झगड़ा हो गया क्या पीछे?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नहीं, नहीं," नंदकुमार म्हणाला. "खेल की बात है."

चौकात उतरून तिघं गल्लीत शिरली. संध्याकाळची गर्दी होती. सायकली, हातगाड्या, खरेदीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. गल्लीच्या तोंडाशी विजेचा लोखंडी खांब होता. वासंती तिथं थांबली. पिशवी नंदकुमारच्या डाव्या हातात दिली.

"दाखव," ती देविकाला म्हणाली. "तिथं हुबी ऱ्हा. मी येते."

"यहाँ? मम्मी, सब देख रहे हैं."

"बघू दे."

पदर खोचला गेला. चपला निघाल्या. तंबाखूच्या दुकानावरची माणसं वळली. वरच्या सज्जातून कुणीतरी वाकलं. समोरून एक ई-रिक्षा घंटी वाजवत आली आणि तिच्यामागं दुसरी.

नंदकुमार, जो या गल्लीत कुणाशी आवाज चढवून कधी बोलला नव्हता, तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पिशवी काखेत, बांधलेला हात वर.

"दो मिनट रुक जाइए, भाई साहब. खेल चल रहा है."

"कैसा खेल?" रिक्षावाला वैतागून म्हणाला, पण थांबला. बाहेर वाकून बघू लागला.

देविका खांबाशेजारी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. वासंती चार पावलं मागं सरली, पुढं धावली, खांब धरला. हनुवटी वर ठेवली आणि अंग झोकलं. दोघी एकमेकींवर कोसळल्या, ओरडल्या, हसल्या. हात लागला की नाही यावरून धुळीतच वाद सुरू झाला.

"जीता कौन?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"क्या फ़र्क पड़ता है," नंदकुमार म्हणाला, "दोनों हमारे घर की हैं."